आरामाचे दोन दिवस

माझा धाकटा दीर जोरात चेंडू टाकायचा. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर खेळाडू म्हणून कुठंतरी नोकरी लागेल, एवढ्यावर त्याचं सगळं चाललं होतं. नवरा रेल्वेत गँगमन, अंधारात रुळावर जायचा, अंधारातच घरी यायचा. शेत माझ्या अंगावर.

कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी दिराला आठवड्याचा कागद लिहून दिला होता. दोन दिवस वजन उचलायचं, दोन दिवस थोडंच अंतर पण जीव तोडून पळायचं, एक दिवस चुडावा स्टेशनापर्यंत दमानं लांब पळायचं. बुधवारी आणि रविवारी आराम. मी चौथी शिकलेली, कागद मला वाचता आला. आराम हा शब्द काही सहन झाला नाही. कापूस वेचणीचे दिवस, बायांच्या बोटांना चिरा पडलेल्या, आणि घरातला धट्टाकट्टा गडी बाजेवर.

"ऊठ. कापसाचे बोजे गाडीत टाकायचेत."

"वैनी, आज आराम हाय. सरांनी लिहून दिलंय."

"सर येतेत का बोजे उचलायला?"

"बैलाला बी आमुशाला जुपत न्हाईत, वैनी."

"मंग तू बी आमुशालाच बस."

तो हसला आणि उठला. तेच ठरून गेलं. महिन्यातून एक दिवस बैलं बसायची आणि तो बसायचा. बाकी बुधवार-रविवार बोजे, ज्वारीची पोती. वजनच तर उचलायचंय, ताकद येईल, असं मला वाटायचं. एकदा म्हणाला, "कंबर लय दुखायलीय." मी एरंडाचं पान गरम करून बांधलं. दुसऱ्या दिवशी पोती होतीच.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं निवड महिनाभर पुढं गेली. तयारीला वेळ मिळाला म्हणून तो खूश होता. मला कामाला माणूस मिळाला.

परभणीला निवडीत दुसऱ्याच षटकात तो चेंडू टाकून खाली बसला. उठता येईना. दोघांनी धरून घरी आणला. दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉक्टरकडं नेलं. फोटोत मणक्याला चीर दिसली. अशी चीर एका दिवसात पडत नाही, डॉक्टर म्हणाले. "मधे आराम घेत होतास का?"

मी शेजारीच उभी होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"घेत होतो. आठवड्याला दोन दिवस."

मग शिकवणाऱ्यानंच झेपेल त्याहून जास्त करून घेतलं, असं डॉक्टर म्हणाले. मी घरी येऊन नवऱ्याला तेच सांगितलं. तो कॉलेजात जाऊन पोरांसमोर सरांना नाही नाही ते बोलला. सर म्हणे मान खाली घालून "माझंच चुकलं असंल" म्हणाले. पुढं त्यांनी कुणालाच असं लिहून दिलं नाही.

दिराला परत चेंडू टाकता आला नाही. नवरा मरेपर्यंत त्या सरांना शिव्या देत होता. मी भाकरी वाढत ऐकून घ्यायची. दीर समोरच जेवत असायचा.