वारं पाठीवर घ्या

भानूतात्यांनी माझी जागा घेतली, म्हणून मी नोकरीत टिकलो आणि म्हणूनच अजून जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना राहून जायला नको.

दुष्काळाचं साल होतं. कर्जतच्या बाजूला गावोगाव बोअर घेणाऱ्या रिगवर मी चव्वेचाळिसाव्या वर्षी लागलो. मी तुमसरकडचा, सातवीत शाळा सोडलेला. तरणा होतो तेव्हा तिथल्या मँगनीजच्या खाणीत मशीनने दगडाला भोकं पाडत असे. लग्नानंतर सायकलचं दुकान टाकून सावलीत बसलो. दुकान बुडालं, तेव्हा तोच जुना हुन्नर घेऊन इतक्या लांब आलो. रिगच्या साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वय झालंय तुमचं. महिनाभर बघू. दम लागला तर परत जायचं." घरी तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि खाणीतला खोकला तर छातीत घेऊनच आलो होतो.

रिग सुरू झाली की भोकातून दगडाची भुकटी उसळते. एकाने त्या भुकटीत हात धरून उभं राहायचं. हाताला ओल लागली की पाणी जवळ आलं. नव्या माणसाला हीच जागा. पहिल्याच दिवशी मी खोकून खोकून दुमडलो, आणि तेवढ्यात लांबून साहेबांची जीप दिसली. तात्या आमचे ड्रिलर; मशीन चालवायचा दांडा त्यांच्या हाती. मशीन थांबवून ते खाली उतरले आणि तोंडाला पटका गुंडाळत म्हणाले, "ओ सायकलवाले, हवा भरायचा पंप तिकडं वर हाय. हितं काय करताय? दांडा धरा जावा. वारं पाठीवर घ्या."

"पण तात्याजी, साहेबानं मले इथंच उभं राहा म्हटलं जी."

"सायबाला काय कळतंय? व्हा तिकडं!"

जीप आली तेव्हा मी दांड्यावर होतो. हात जुनं काम विसरला नव्हता. साहेबांनी थोडा वेळ पाहिलं आणि जीप वळवली. त्या दिवसापासून दांडा माझा आणि भुकटी तात्यांची, ती कायमचीच.

तात्यांची एक रीत होती. बोअर कोरडं गेलं की बाकीचे मुकाट्याने लॉरीत चढत. तात्या पटका काढून, भुकटीने पांढरं झालेलं तोंड घेऊन गावासमोर जात. "न्हाई लागलं, माय. दगडच हाय खाली." काष्टीच्या अलीकडच्या एका वस्तीवर एक म्हातारी रिकामा हंडा आपटून ओरडली, "मंग नारळ कशाला फोडून घेतला रं, मुडद्या?" तात्या खाली मान घालून उभे. परत आल्यावर मी म्हटलं, "कशाला ऐकून घेता?"

"पानी लागलं की हार कोन घालून घेतं? आपनच ना? मग शिव्या काय सायबानं खायच्या?"

पुढे तेच खोकू लागले. विचारलं की म्हणायचे, "तंबाखू लई झाली." एकदा धुवायला घेतलेल्या पटक्यावर मला रक्त दिसलं.

शेवटी ते आपल्या वस्तीवर जाऊन पडले. मी भेटायला गेलो. बाजेवर नुसता सांगाडा उरला होता. तात्यांची बायको, सरूवहिनी, कोसावरच्या झऱ्यावरून पाणी घेऊन येत होत्या.

"आमच्याकडं कवा येतीया रिग?" तात्यांनी विचारलं.

"येईल जी."

"येईल म्हनू नगा. ठाव न्हाई म्हना. आपल्या धंद्यात लोकांस्नी खोटं सांगायचं न्हाई."

मी म्हटलं, "ठाऊक नाही." मग ते थोडे हसले आणि खोकल्याची उबळ आली. त्यानंतर पंधरवड्यात ते गेले.

त्यांच्या वस्तीवर रिग अजून गेलेली नाही. साहेबांच्या मागे लागलो आहे, लागून राहीन. ज्या दिवशी जाईल त्या दिवशी दांडा दुसऱ्याच्या हाती देईन आणि भुकटीत हात मी धरीन. ओल लागली तर पहिला हंडा सरूवहिनींचा. नाही लागली, तर टोपी काढून त्यांच्यासमोर जाईन आणि ते मीच सांगेन.