भुकेच्या गोळ्या

आमच्या घराण्यात कुणाला सुपारीचंही व्यसन नव्हतं. सत्तरी ओलांडल्यावर मी गांजाच्या दुकानांचे उंबरे झिजवीन, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण व्हाइटहॉर्समधला तो अख्खा हिवाळा मी त्याच उद्योगात घालवला.

या उत्तरेकडच्या गावाला शहर म्हणतात ते केवळ आजूबाजूला दुसरं काहीच नाही म्हणून. मी इथे रस्ते बांधायला आलो. गोठलेल्या जमिनीवरचा रस्ता उन्हाळ्यात खचतो, आम्ही तो पुन्हा बांधायचो, तो पुन्हा खचायचा. निवृत्त झाल्यावर दूर दक्षिणेला, मिल्टनला मुलीजवळ जायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी राहायचं. अशात बायकोला कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि तिची भूक गेली. कमी झाली असं नाही, गेलीच. फोडणीचा वास आला तरी तिला मळमळायचं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर पुढची केमो देता येणार नाही. म्हणजे चार घास पोटात गेले तर उपचार, नाहीतर खेळ खलास. मग जरा घुटमळून त्याच म्हणाल्या, गांजाने काहीजणांची भूक परत येते, कायद्याने मिळतो, बघा विचारून.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती हसलीच. "बाबा, इट्स टोटली लीगल. अर्धी गमी द्या तिला आधी. स्टार्ट लो, गो स्लो, ओके?" तिला एवढी माहिती कुठून, हे विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही.

पहिल्या दुकानात गेलो तेव्हा गाडी दोन गल्ल्या अलीकडेच लावली. कडाक्याच्या थंडीत मिशांवर बर्फ जमलं, पण गाडी दारात लावली नाही. चोराच्या मनात चांदणं. दुकानाच्या काचा आतून झाकलेल्या. आत चिलीम ओढणारे गोसावी बसलेले असतील अशी माझी काहीतरी कल्पना होती. तिथे मोबाइलच्या दुकानासारखी काचेची कपाटं आणि दवाखान्यासारखा उजेड. दाराशीच एका धिप्पाड माणसाने मला अडवलं.

"फोटो आयडी प्लीज, सर."

"डू आय लुक लाइक अ टीनएजर?" मी भडकलो.

"रूल इज रूल, सर," तो थंडपणे म्हणाला. लायसन्स काढून दाखवलं.

तिथून गमीजचं, म्हणजे गांजा घातलेल्या रंगीत, चघळायच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. बायकोने चष्मा लावला आणि पाकीट उलटं केलं. या देशात आल्यापासून ती प्रत्येक पाकिटाची पाठ वाचत आली आहे. चीज, बिस्किटं, सूप, काहीही असो.

"अहो, यात जिलेटिन आहे."

"अगं, औषध आहे ते. औषधाला कसलं आलंय शाकाहारी-मांसाहारी?"

"असेल औषध. जनावराची हाडं उकळून केलेलं मी या वयात तोंडात घालणार नाही."

मी चिडलो, आवाज चढवला. पाकीट तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. दुसऱ्या दुकानातून चॉकलेट आणलं. त्याचा वास आला आणि ती वॉशरूमकडे धावली.

तिसरं दुकान नदीकडे, टायरवाल्याच्या शेजारी होतं. एव्हाना माझी लाज गेली होती, गाडी दारातच लावली. काउंटरवरच्या मुलीला मी सगळं सांगितलं, कॅन्सरपासून जिलेटिनपर्यंत. तिने न कंटाळता एकेक पाकीट उलटं करून वाचलं आणि फळातल्या पेक्टिनवर केलेल्या गोळ्या शोधून दिल्या. "आय होप शी ईट्स," ती म्हणाली. तेवढ्या वाक्याने मला उगाच उभारी आली.

संध्याकाळी मी मऊ भात केला. मला तेवढाच करता येतो. वर तूप, मेतकूट. शेजारी वाटीत ती साखर लावलेली लाल गोळी.

"तुम्ही आधी घ्या," ती म्हणाली.

"मला कशाला? मला लागते भूक."

"मला भीती वाटते हो. तुम्हाला काही झालं नाही तर मी घेते."

उभ्या जन्मात ती कधी माझ्याआधी जेवली नाही. त्यावरून मी तिला किती वेळा रागावलो असेन, पण उपयोग शून्य. मग गोळी मीच आधी घेतली. मुलीने अर्धी सांगितली होती. अर्धी मला भेकडपणाची वाटली, म्हणून अख्खी घेतली. बराच वेळ काहीच झालं नाही. सगळे भोंदू आहेत, असं मी जाहीर करून टाकलं. आणि मग भूक लागली.

अशी भूक मला कॉलेजात असतानाही लागली नव्हती. माझा भात संपला. तिच्या ताटातला, तिने एक घास घेऊन बाजूला सारलेला, तोही संपला. मी फ्रिज उघडून उभा राहिलो. ती खुर्चीतून बघत होती. मग टेबलाला धरून ती उठली.

"बसा. करून वाढते."

नको नको म्हणेपर्यंत तिने फ्रीझरमधली भाजणी काढली होती. नाकाला रुमाल बांधला, स्टुलावर बसली आणि थालीपीठं लावायला लागली. मधल्या भोकात बेताने तेल सोडलं. मी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, पुरे म्हणत तिसरं खाल्लं. मला शरम वाटत होती, रडू येत होतं आणि हात थांबत नव्हता. ती रुमालाआड हसायला लागली. कित्येक महिन्यांनी हसली.

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," ती म्हणाली.

"आता तू खा."

"तुम्ही जेवलात ना. पोट भरलं माझं."

"माझ्या जेवणाने तुझं वजन वाढत नाही," मी ओरडलो. तिने गॅस बंद केला आणि माझं ताट उचललं.

दुसऱ्या दिवसापासून तिने त्या गोळ्या नेमाने घेतल्या, माझ्या समाधानासाठी. त्यांनी तिला झोप यायची, भूक नाही. मी तिन्ही दुकानांत पुन्हा पुन्हा गेलो, कमी ताकदीच्या आणल्या, जास्त ताकदीच्या आणल्या. दाराशी आता कुणी आयडी मागत नव्हतं. हॉस्पिटलात तिला वजनकाट्यावर उभं केलं, डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला आणि माझ्याकडे बघणं टाळलं. पुढची केमो झाली नाही. नदीवरचं बर्फ फुटायच्या आत ती गेली.

एक पाकीट न उघडता राहिलं होतं. ते मी तिसऱ्या दुकानात परत द्यायला गेलो. त्या मुलीने ओळखलं आणि विचारलं, "डिड शी ईट?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही सांगता येणार नाही. पाकीट परत घेता येत नाही म्हणाली, तसा नियम आहे.

ते आता फ्रीझरमध्ये आहे, भाजणीच्या डब्याशेजारी. मुलगी रोज मिल्टनहून फोन करते, "बाबा, आर यू ईटिंग?" मी हो म्हणतो. ती फसत नाही. परवा म्हणाली, त्या गमीज आहेत ना अजून, अर्धी घेऊन बघा, भूक लागेल.

मी घेत नाही. त्या मला लागू पडतात, हे मला माहीत आहे.