बाळंतीण मी, लाडू अलकाताईला!

आजारपणाचे किस्से एका जागी साठतात, बाळंतपणाचे दुसऱ्या. माझ्या बाबतीत दोन्ही एकाच वर्षी, एकाच अंगावर आले. त्यामुळे आमच्या भिंगारच्या घरात किस्से इतके साठलेत की पाहुणे चहा प्यायला येतात आणि जेवून जातात.

मी पारनेरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले आणि चौथ्या महिन्यात डाव्या छातीत गाठ लागली. कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून ती बाजू काढली. मग डॉक्टर म्हणाले, "आता केमो देऊ. बाळाला सांभाळून देता येतो, घाबरू नका. फक्त बाळाला तुमचं दूध पाजता येणार नाही. बाळंतपणानंतर औषधं पुन्हा सुरू करायचीत."

बाकी सगळं मी शहाण्यासारखं ऐकून घेतलं. शेवटचं काही गिळता आलं नाही.

लोक म्हणतात, असल्या दुखण्यात माणसाचं मन मोठं होतं. माझं नाही झालं बुवा! मी जळकुटी झाले. रस्त्यानं पोटुशी बाई चालली की जळायचे. दोन वेण्या घातलेली शाळकरी पोरगी दिसली तरी जळायचे. आणि सगळ्यात जास्त जळायचे ती अलकाताईवर. अलकाताई म्हणजे माझी थोरली जाऊ. त्याच घरात, वरच्या मजल्यावर. केस कमरेपर्यंत, आवाज चौकापर्यंत, आणि मांडीवर दोन महिन्यांचा गुटगुटीत चिकू!

* * *

दुसऱ्या केमोनंतर माझं डोकं तुळतुळीत झालं. सासूबाईंनी गल्लीत आजाराचं नाव काढायचं नाही असं ठरवलेलं. पण शेजारच्या बोरुडेकाकूंनी मला गच्चीवर तशी पाहिली आणि थेट घरात आल्या.

"काय ओ, सुनंचं केस कुठं गेलं?"

सासूबाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. "नवस हुता. देवाला दिलं."

"पोटात पोर असताना?"

"मग! श्रद्धा लागती त्याला."

बोरुडेकाकूंनी मला हात जोडले! त्या दिवसापासून त्यांच्या घरात माझं उदाहरण सुरू झालं. आठवड्याभरानं त्यांची सून भाजी घ्यायच्या निमित्तानं आली आणि मला दारातच गाठलं.

"वहिनी, तुमच्या देवाला सांगा, जरा बेतानं घ्या. इथं मी चतुर्थीला वडापाव खाल्ला, तर सासूबाई म्हणतात, ती बघ टक्कल करून बसली आणि तू बघ!"

माझा कुणीतरी हेवा करतंय, निदान रागराग करतंय, म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

* * *

केसांवरून आठवलं. एका सकाळी अलकाताई कंगवा नाचवत माझ्या खोलीत आली. बाळंतपणानंतर केस गळतातच, तसे तिचेही गळत होते.

"सुजा, बघ गं! हे एवढं गुंतवळ! असंच चाललं तर माझं कसं व्हायचं?"

मी डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला आणि तिच्याकडे पाहत राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. कंगव्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"चहा टाकते," म्हणाली आणि पळाली.

त्यानंतर ती बाथरूमला आतून कडी लावून केस विंचरायला लागली. तर मला त्याचाही राग! नवऱ्याला म्हटलं, "बघा, आता माझ्यापासून लपवते."

संदीप बिचारा लष्करी छावणीतल्या ऑफिसातून दमून आलेला. म्हणाला, "तिनं समोर विंचरले तर जळतेस, लपून विंचरले तर चिडतेस. वहिनींनी करायचं तरी काय?"

"गळू द्यावेत," मी म्हणाले. "पण सगळे!"

* * *

केमोच्या हॉलमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर शकूबाई असायच्या. पारनेरच्या पुढच्या एका वस्तीवरच्या, नातवंडंवाल्या. आम्हा सगळ्या बायकांच्या हाताला सलाईन, पण नजरा माझ्या पोटाकडे. एक दिवस शकूबाई सगळ्यांच्या वतीनं बोलल्या.

"तुझं बरं हाय बाई. आमच्या पोटात नुसता रोग. तुझ्या पोटात पोर तरी हाय."

मी म्हटलं, "तुमचं बरंय. तुमचे दोनच केमो राहिलेत."

"व्हय की!" त्या खूश झाल्या. मग मायेनं विचारलं, "डोहाळं काय लागलेत?"

मला कवठाच्या चटणीचे डोहाळे लागलेले. पुढच्या खेपेला शकूबाई डबा भरून चटणी घेऊन आल्या. गूळ घातलेली, जिऱ्याचा वास येणारी. मी बोट भरून तोंडात घातली. गंजलेला खिळा चोखावा तशी चव! केमोनं जिभेची पार वाट लावलेली. मला रडूच यायला लागलं.

शकूबाईंनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. "रडू नगं. डोहाळं पुरं झालं पायजेत, न्हाईतर पोराचं कान फुटत्यात. तुज्या वाटचं मी खाते."

आणि डोळे मिटून, बोटं चाटत, अख्खा डबा संपवला! सिस्टर बाटली बदलायला आल्या, त्यांनी विचारलं, "आजी, पोटुशी नक्की कोण आहे?"

* * *

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. सासूबाईंची एकच काळजी, फुलांची वाडी भरायची कशावर? म्हणून नगरहून केसांचा टोप आणला. त्याला मोगरा, शेवंती, गजरे, सगळं माळलं. मी पाटावर बसले आणि ओवाळायला बायका पुढे सरकल्या. पण फुलांच्या वजनानं टोप मागे सरकायला लागला! मी मान पुढे काढली, टोप मागे. आणखी पुढे काढली, टोप आणखी मागे. बोरुडेकाकू तोंडाला पदर लावून बघतायत, नवसाचे केस इतक्यात उगवले कसे म्हणून!

अलकाताई उठली. टोप काढून खिडकीच्या खिळ्याला लटकवला. गजरे सोडवले आणि माझ्या तुळतुळीत डोक्याभोवती सरळ गुंडाळले. कुणी काही बोलायच्या आत फोटोही काढला.

नंतर तो फोटो मोबाईलवर मोठा करून ती बराच वेळ पाहत बसली. तोंड हे एवढं फुगलेलं!

"काय झालं?" मी विचारलं.

"माझ्या डोहाळजेवणाच्या फोटोत मी म्हैस दिसते," ती म्हणाली. "इतके केस असून!"

मला चव लागत नव्हती, तरी मी दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

* * *

खरी लढाई पुढेच होती. सासूबाईंचं म्हणणं, बाळाला पहिलं मधाचं बोट जो लावतो, त्याचा गुण बाळाला लागतो. झालं! घरात प्रचार सुरू. सासरे म्हणाले, "माझा हिशेबी स्वभाव लागू द्या." संदीप म्हणाला, "मी शांत आहे, मी लावतो." पारनेरच्या मामांनी तर फोन करून सांगितलं, "मी येईपर्यंत कुणी हात लावू नका."

मी आपली गप्प. दूध नाही तर नाही, मधाचं बोट माझंच, असं मनात पक्कं केलेलं.

तपासणीला सासूबाई बरोबर होत्या. त्यांनीच विषय काढला. डॉक्टरीणबाई ओरडल्याच, "मध अजिबात द्यायचा नाही! पहिलं दूधच."

दूध अलकाताईचं, हे आधीच ठरलेलं. तिच्या रक्ताच्या तपासण्या करून डॉक्टरांनीही हो म्हटलेलं. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांसमोर निकाल लावला.

"म्हंजे अलकाचा गुण लागनार."

"अगंबाई! म्हणजे भांडकुदळ निघणार," अलकाताई म्हणाली आणि हसली. सगळे हसले.

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. इतका राग मला गाठीचाही आला नव्हता.

आणि त्याच संध्याकाळपासून सासूबाईंनी अळिवाचे लाडू वळायला घेतले. मला वाटलं, माझी तयारी चाललीय. तर डबा गेला वरच्या मजल्यावर! "दोन पोरांना पुरलं पायजे तिचं," सासूबाई म्हणाल्या. बाळंतीण होणार मी, अळीव खाणार ती! अलकाताई लाडू खात जिन्यावर उभी राहायची आणि मी खालून बघायचे. दुधी, शेपू, खसखशीची खीर, सगळं वर. मला वरणभात!

एकदा न राहवून म्हटलंच, "ताई, मजा आहे तुमची."

"डोंबलाची मजा! अळिवाचा वास मला उभ्या जन्मात सोसला नाही," ती म्हणाली आणि नाक दाबून दुसरा लाडू तोंडात कोंबला.

* * *

मुलगी झाली. वजन बेताचं, आवाज दणदणीत. दवाखान्यात पहिल्यांदा अलकाताईनं पाजलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

घरी आलो त्या दुपारी ती माझ्याच पलंगाच्या कडेला बसून पाजत होती. पोरगी घटाघटा पीत होती. नुसती पीत असती तरी चाललं असतं, पण पिता पिता तिनं अलकाताईचं मंगळसूत्र मुठीत धरलेलं! मी डोळे मिटले तरी तो घटाघट आवाज कानात शिरत होता.

तेवढ्यात सासूबाई चिकूला कडेवर घेऊन आल्या. आता आठ महिन्यांचा झालेला, सगळं कळायला लागलेलं. आपल्या आईच्या मांडीवर ही कोण, म्हणून त्यानं जो गळा काढला! हातपाय झाडले, सासूबाईंचा चष्मा उडवला. तिकडे गॅसवर दूध उतू जायला लागलेलं. सासूबाईंनी त्याला माझ्या अंगावर टाकलं आणि स्वयंपाकघराकडे पळाल्या.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनीही त्या मांडीकडे पाहिलं!

त्यानं माझा स्कार्फ ओढून काढला. डोक्यावर दोन चापट्या मारल्या. मग रडत रडत अंगावर चढला, उजवीकडे तोंड घासलं, तिथून वैतागून डावीकडे आला. टाक्यांच्या वणाची ती सपाट जागा. मी अंग चोरलं. त्यानं तिथं नाक लावलं, गाल लावला, शेवटी कान टेकवला. एक हुंदका आला, मग अर्धा आला. आणि गडी झोपला.

अलकाताई आमच्याकडेच बघत होती. चौकात ऐकू जाणारा तो आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"माझ्याजवळ मेला एक दिवस असा झोपला नाही गं."

मी चिकूच्या अंगावर पांघरूण ओढलं.

"दे इकडं त्याला," ती म्हणाली.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"झोपलाय."