हा बरा, की तो?

एकच प्रश्न विचारून आयुष्यभर पोट भरणारी माणसं जगात थोडीच. चष्मेवाले त्यांतले एक. समोरच्याच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, ती काढून दुसरी सरकवायची आणि विचारायचं, "ही बरी, की ही?" दिवसभर हेच. त्यामुळे घरी आल्यावरही जीभ तिथेच वळायची. पडदा घ्यायचा असो की दाराला रंग द्यायचा असो, दोन नमुने समोर धरल्याशिवाय यांचं पान हलत नसे. बायको म्हणायची, "बरं झालं, लग्नाच्या वेळी मी एकटीच दाखवायला होते. नाहीतर तुम्ही अजून विचारच करत बसला असता."

या धंद्याची एक गंमत आहे. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, पण तुम्हाला खूश करायला बघतं. काच बदलली म्हणजे काहीतरी फरक पडलाच असेल, असं त्याला वाटतं. म्हणून चष्मेवाले अधूनमधून तीच काच काढून तीच परत घालायचे. "ही जास्त स्पष्ट हो!" असं कुणी म्हणालं, की ते गालातल्या गालात हसायचे आणि परीक्षा पहिल्यापासून सुरू करायचे.

बायको शाळेत गाणं शिकवायची. सगळे तिला बाई म्हणत, आणि चष्मेवालेही चेष्टेत बाईच म्हणत. सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं कोचावर बसून कॉम्प्युटरवर जुनी गाणी ऐकायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. बाई उजव्या टोकाला, हे त्यांच्या डावीकडे. गाणं चालू असताना गप्प बसणं काही चष्मेवाल्यांना जमायचं नाही. ते कानाशी काहीबाही पुटपुटायचे आणि बाई मान डोलवायच्या.

पण हल्ली बाई मध्येच उठायला लागल्या. कधी कपडे वाळत घालायचे राहिलेले असायचे, कधी वह्या तपासायच्या असायच्या. पुढे पुढे तर गाणं लागलं की त्या बसेनातच. चष्मेवाले एकटेच कोचावर, शेजारी उशी. शेवटी त्यांनी विचारलंच, "अगं, झालंय काय? गाणं आवडेनासं झालं का?"

"टोचतं हो," बाई म्हणाल्या. "वाद्यं अंगावर येतात, आणि शब्द कुठेतरी लांब राहतात."

चष्मेवाल्यांना हायसं वाटलं. म्हणजे दोष यंत्राचा! यंत्र बदलता येतं. कोचाचं ते टोक पुन्हा भरायला हवं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी घर गहाण टाकायलाही ते तयार झाले असते, इतका त्यांचा जीव कासावीस झाला होता. ते तडक मेहुण्याकडे गेले.

मेहुणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या खोलीत पाय ठेवायचा तर आधी पायासाठी जागा शोधावी लागायची.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये गाणं नसतंच. असतात ते नुसते आकडे. त्या आकड्यांची वीज करायची, मग त्या विजेने स्पीकर हलायचा. आकड्यांची वीज करतो तो डबा म्हणजे डॅक. तुमच्याकडे आहे तो अगदी साधा आहे."

"मग चांगला दे."

"चांगला म्हणजे कुठल्या जातीचा?"

इथे चष्मेवाल्यांचे डोळे चमकले. जाती आहेत म्हणजे निवड आहे, आणि निवड म्हटली की आपला प्रांत. त्यांनी एक स्टूल मोकळं केलं आणि ठाण मांडलं.

मेहुण्याने एक डबा उघडून दाखवला. आत बारीक रेझिस्टरांच्या ओळीच्या ओळी, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. "हा शिडीवाला. तराजूची वजनं असतात ना, एकाच्या दुप्पट दुसरं, त्याच्या दुप्पट तिसरं? तसं. आकडा आला की लागतील तेवढी वजनं पारड्यात टाकायची, झाली वीज तयार. पण सगळ्यात मोठं वजन तसूभर जरी चुकलं, तरी बारीक वजनांना काही अर्थ उरत नाही. म्हणून हा महाग."

"आणि दुसरा?"

"दुसरा डेल्टा-सिग्मा. त्याच्याकडे वजनं जवळजवळ नाहीतच. त्याला दोनच गोष्टी येतात, नळ सोडायचा आणि नळ बंद करायचा. पण इतक्या झटपट, की बादलीत पाणी हवं तितकंच पडतं. त्या उघडझापीची खरखर तो आपल्या कानाला ऐकू येत नाही इतक्या वर ढकलतो आणि मग गाळून टाकतो. आजकाल बहुतेक सगळीकडे हाच. तुमचा साधा डबाही याच जातीचा."

"आणि हा काचेचे दिवे लावलेला?"

"त्याच्या आतही तसलीच चिप आहे. फक्त बाहेर पडताना आवाज व्हॉल्व्हमधून जातो. थोडा गोलसर होतो. कुणाला आवडतं, कुणाला वाटतं स्पीकरवर गोधडी टाकलीय."

चष्मेवाल्यांनी तिन्ही डबे उचलले. घरी आल्यावर त्यांनी शिडीवाला लावला आणि उडालेच. काय गोडवा, काय भरीवपणा! त्यांनी लगेच मेहुण्याला फोन केला.

"आवाज सारखा केलात का?" मेहुण्याने विचारलं.

"म्हणजे?"

"तो डबा मुळातच जरा मोठ्याने वाजतो. जो मोठ्याने वाजतो तो गोड लागतो. दुकानदारांचं अर्धं घर त्यावर चालतं."

मेहुणा मीटर घेऊन आला, तारांची टोकं मोजून त्याने सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणला आणि चष्मेवाल्यांचा गोडवा तिथल्या तिथे विरघळला. व्हॉल्व्हवाला त्यांना ओळखू यायचा. त्यात बारीक गुणगुण होती आणि गाणं जरा मऊ पडायचं. पण शिडी आणि नळ यांच्यातला फरक कधी हाती लागायचा, कधी निसटायचा. वाद्य थांबल्यावर त्याचा घुमारा विरत जातो ना, तिथे शिडीवाला जास्त वेळ रेंगाळतो, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. त्यावर मेहुणा म्हणाला, "भावोजी, मी डबा बदललाच नव्हता. दोन्ही वेळा नळवालाच होता."

चष्मेवाले खजील झाले आणि मग खो खो हसले. एवढी वर्षं लोकांवर केलेला प्रयोग आज त्यांच्यावर उलटला होता. पण उत्सुकता काही कमी होईना. आपला कान दगड असेल. बाईंचा कान तयार आहे. परीक्षा त्यांचीच घ्यायला हवी.

"मला नका बसवू तुमच्या त्या खुर्चीत," बाई म्हणाल्या.

"खुर्ची कुठली? आपलाच कोच आहे. आपलंच गाणं आहे."

नको नको म्हणता बाई आपल्या टोकाला बसल्या. डब्यांवर चादर घातलेली होती. तिच्या आत एक बदलायचं बटण आणि बटणापाशी मेहुणा. मेहुण्याच्या सांगण्यावरून जुना साधा डबाही चौथा म्हणून जोडला होता, तुलनेला असावा म्हणून. जोडाजोडी चष्मेवाल्यांनी स्वतः केली होती. गाणं निवडलं ते फार जुनं, बाईंच्या आवडीचं. त्या काळच्या तऱ्हेप्रमाणे त्यात गाणारीचा आवाज सगळा डाव्या स्पीकरमध्ये आणि वाद्यं उजवीकडे होती.

चष्मेवाले दुकानातल्यासारखे बाईंच्या समोर उभे राहिले. "हा बरा, की हा?"

"सारखेच."

"आणि हा?"

"सारखाच. टोचतो."

मेहुण्याने पुन्हा बटण फिरवलं आणि बाई ताठ बसल्या. "हा! अहो, हा घ्या. हिचे शब्द कळतात की!"

पुन्हा फिरवलं. गेलं. पुन्हा फिरवलं. "हा. हाच." चष्मेवाल्यांनी खूण केली, मेहुण्याने दोनदा तोच डबा वाजवला, मध्येच भलता वाजवला, पण बाई एकदाही चुकल्या नाहीत. आनंदाने चष्मेवाल्यांना काय करू आणि काय नको असं झालं. कुठला, शिडी की व्हॉल्व्ह? त्यांनी चादर ओढली.

वाजत होता तो जुना साधा डबा. इतके दिवस बाईंना टोचणारा, तोच.

चष्मेवाले आणि मेहुणा दोघंही चक्रावले. चष्मेवाले गुडघे टेकून तारा बघायला लागले आणि त्यांना आपली चूक दिसली. जुन्या डब्याच्या भोकांवरची अक्षरं पुसून गेली होती. तार लावताना ते डब्यासमोर वाकले होते, आणि गिऱ्हाइकासमोर बसणाऱ्या माणसाच्या हाताला सवयच अशी, की आपला डावा तो समोरच्याचा उजवा. हात आपोआप उलटे गेले होते. डाव्याचा आवाज उजव्या स्पीकरला, उजव्याचा डाव्याला.

त्यांनी तारा सुलट केल्या. "आता?"

"लांब गेली," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा उलट्या केल्या.

"आली."

मेहुणा काही बोलणार होता. चष्मेवाल्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो उठला, मीटर खिशात टाकलं आणि "खोलीचं कुलूप लावायचं राहिलं वाटतं," असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

चष्मेवाले आपल्या नेहमीच्या जागी, बाईंच्या डावीकडे येऊन बसले. गाणं संपलं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून?"

बाई समोर बघत राहिल्या. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं एवढे दिवस चाललं होतं, आणि जन्मभर लोकांच्या डोळ्यांतलं न्यून शोधणाऱ्याला घरातलं दिसलं नव्हतं. ते उठले, कोचाला वळसा घालून उजवीकडे आले, कोचाच्या हातावर टेकले आणि पुन्हा म्हणाले, "कधीपासून?"

"वर्ष होत आलं," बाई म्हणाल्या. लपवण्यात आता अर्थ नव्हता. "डावीकडून काही येतच नाही. शाळेत मी मुलांना उजव्या बाजूला उभं करते. कळलं तर एका कानाची गाण्याची बाई कोण ठेवेल?"

"मला तरी सांगायचं."

"तुम्हाला? तुम्ही मला गिऱ्हाईक केलं असतं. रोज उठून हे ऐकू येतं का, ते ऐकू येतं का."

ते खरंच होतं. चष्मेवाले म्हणाले, "उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. तपासतील ते. मी बाहेर बसेन."

"जाऊ," बाई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या, की त्या किती दिवस घाबरून होत्या हे चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "म्हणजे मी तिकडे बसून जे बोलायचो, ते?"

"काही कळायचं नाही. गाण्याबद्दलच बोलत असाल म्हणून मी मान डोलवायची." त्यांचा चेहरा बघून बाई थांबल्या. "का? काय बोलला होतात?"

"काही नाही."

"सांगा ना."

"एकदा विचारलं होतं. माझ्याजवळ बसायचा कंटाळा येतो का गं तुला, म्हणून."

"मग?"

"तू हसून मान डोलवलीस."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "आणि ते मनात धरून तुम्ही इतके महिने बसून राहिलात?"

"बसलो कुठे? डबे आणले ना."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "आता विचारा. या बाजूने विचारा."

चष्मेवाल्यांनी विचारलं, "कंटाळा येतो का गं?"

बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी खरोखरच विचार केला.

"डबे बदलता तेव्हा येतो," त्या म्हणाल्या, आणि डावीकडे सरकून त्यांनी उजव्या बाजूला त्यांच्यासाठी जागा केली.