फळ्यावरची होडी

रेवदंड्याला माझ्या पडवीत दहावीची शिकवणी चालते. सुकट विकणारी एक कोळीण दुपारी टोपली उतरवून पायरीवर टेकायची, पदराने वारा घ्यायची आणि फळ्याकडे बघत राहायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा गणितात दीपगृहाची उंची आणि अवनत कोन दिला होता. होडी दीपगृहापासून किती दूर आहे ते काढायचं होतं. मी फळ्यावर होडी काढली.

"मास्तर, होडीत मानूस न्हाय काढलात?"

मुलं हसली. "गणिताला माणूस लागत नाही, बाई," मी वैतागून म्हटलं.

टोपली डोक्यावर घेत ती म्हणाली, "माझ्या पोराची होडी अशीच गावली. रिकामी."

आता मी होडीत माणूस काढतो. उत्तर तेच येतं.