चौऱ्याऐंशी पानांतली तीन

आमच्या थोरल्या साडूंइतका गुपित राखणारा माणूस ब्रह्मपुरीतच काय, वैनगंगेच्या दोन्ही काठांना सापडायचा नाही. तीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांत सायकलवरून टपाल वाटलं. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्रं वाचूनही दाखवली, पण कुणाच्या घरचं एक अक्षर कधी बाहेर पडलं नाही. विचारलं की म्हणत, "वाचलं आन् तिथीच विसरलो." निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. झेरॉक्सच्या दुकानात ते दुकानदाराला भिंतीकडे तोंड करायला लावतात आणि मशीनवर स्वतःचा दुपट्टा पांघरतात. आज घरी भाजी कोणती केली हेसुद्धा त्यांच्या तोंडून काढताना घाम फुटतो. मला या माणसाचा भयंकर राग येतो आणि त्यांच्यावाचून करमतही नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या लेकीला चंद्रपूरला नर्सिंगची जागा मिळाली. जातपडताळणीची तीन पानं संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर चढवायची होती, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. मूळ कागद साडूंच्या धाकट्या भावाकडे, थेट सिरोंच्याला. साडूंच्या फोनमध्ये होती ती सगळ्या खानदानाचे कागद एकत्र स्कॅन केलेली चौऱ्याऐंशी पानांची एकच पीडीएफ. साडू, लेक आणि मी असे तिघं इंटरनेट कॅफेत गेलो. कॅफेवाला म्हणाला, "भाऊ, फाइल धाडा इकडं, दोन मिन्टात तोडून देतो." साडूंनी फोन छातीशी धरला.

"याच्यात भावाचे दवाखान्याचे कागद हायेत. ते दाखवनारा मी कोन?"

"बाबा, माही सीट जाईन ना!" लेक रडायलाच लागली.

"सीट जाऊ देनार नाई. पन दुसऱ्याचं पाकीट फोडनार नाई."

मी तर हातच जोडले. साडूंच्या घरी येऊन चिडचिडतच इंटरनेटवर शोधाशोध केली, तेव्हा पीडीएफमधली हवी ती पानं वेगळी करून देणारं एक वेबपान सापडलं. फाइल तुमच्याच ब्राउझरमध्ये तुटते, कुठेही पाठवली जात नाही, असं त्यावर लिहिलं होतं. साडू म्हणाले, "लिहाले काय जाते?" त्यांनी ते पान आपल्या फोनवर उघडलं, मग साडीला लावलेली पिन बायकोकडून मागून घेतली, तिच्या टोकाने सिमकार्ड बाहेर काढलं आणि मुठीत घट्ट आवळलं. "आता पाहू कसं बाहेर जाते थे! तोंडं फिरवा सारे." आम्ही मुकाट्याने भिंतीकडे वळलो. साडेचार वाजून गेले होते.

"तुटलं! अन् सिम माह्या मुठीतच हाय!"

एकतीस ते तेहेतीस, तीनच पानं, वेगळी फाइल. सिम परत आत गेलं, पानं चढली, पाचला दहा मिनिटं असताना पावती आली. आणि मग ज्याने आयुष्यात कुणाला काही सांगितलं नाही तो माणूस अनवाणी गल्लीत धावला आणि दारोदार ओरडत सुटला, "पोरगी नर्स होऊन राह्यली! माही पोरगी!" त्या दिवशी साडूंचं गुपित सबंध मोहल्ल्याला कळलं आणि मला आनंदाने रडू आलं.

आता पोरगी चंद्रपूरच्या होस्टेलात असते. तिचा फोन आला की ती आईशी मोकळेपणी बोलते, आणि मायलेकींचं बोलणं कानावर पडू नये म्हणून साडू चपला घालून बाहेर निघून जातात. कधी मी एकटा सापडलो की हळूच विचारतात, "तुमच्यासंग बोलते ना ती? जेवते ना टायमावर?" जेवते, म्हणून मी सांगतो. आणखी पुष्कळ विचारायचं असतं त्यांना, दिसतंच ते. पण ते विचारत नाहीत.