आरसी येईपर्यंत

निवृत्त झाल्यावर मी गाडी विकायला काढली. अमडापूरहून चिखलीच्या शाळेत जाण्यायेण्यासाठी घेतलेली ती गाडी आता नुसती दारात उभी असायची. माझ्या नवऱ्याला गाडी चालवणं कधी जमलंच नाही. ते शेजारी बसून सूचना देत.

बाजाराच्या दिवशी गावाबाहेरचं, भाजीपाला पिकवणारं एक जोडपं गाडी बघायला आलं. त्यांच्या दोन मुली मोठ्या होत होत्या, चौघं मोटारसायकलवर मावेनात. त्याने बोनेट उघडलं, टायर दाबून पाहिले. ती मात्र सरळ स्टिअरिंगपुढे जाऊन बसली. चहा होईपर्यंत सौदा ठरला.

"आरसी बुक तेवढं दाखवा, मॅडम," तो म्हणाला.

"ते मी अगदी जपून ठेवलंय," हे म्हणाले, आणि मी शोधायला उठले. कपाट, गाद्या, शिलाई मशीनचा खण, सगळं उपसलं. कधीच भंगारात गेलेल्या फ्रीजचं गॅरंटी कार्ड सापडलं, आरसी नाही. गिऱ्हाईक गेलं असं मी धरून चालले. पण तो म्हणाला, "दुसरी काढा. आमी थांबतो. फकत गाडी दुसऱ्याले देऊ नका."

पोलीस ठाण्यात हवालदाराने विचारलं, "कुठं हरवलं?"

"घरातच," हे म्हणाले.

"घरात हाय त हरवलं कसं म्हणता, काका?" तो हसला, पण दाखला दिला. तो घेऊन बुलडाण्याच्या आरटीओ ऑफिसात अर्ज केला. नवी आरसी पोस्टाने येईल, तोवर वाट बघा, असं तिथे सांगितलं.

पुढच्या बाजाराला ती एकटीच चौकशीला आली. थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली आणि म्हणाली, "बाई, मले चालवाले शिकवसान का? घरी नाई सांगितलं अजून."

नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. सोयाबीन निघालेल्या, गावामागच्या मोकळ्या रानात आमचा वर्ग भरू लागला. पहिल्या दिवशी तिने क्लच असा सोडला की गाडी वासरासारखी उधळली. ह्यांनी मागच्या सीटवरून सूचना सुरू केल्या. तिने गाडी थांबवली आणि शांतपणे म्हणाली, "काका, तुमी उतरून पाहा. बाहेरून चांगलं दिसते." हे निमूटपणे उतरले आणि निंबाखाली जाऊन उभे राहिले.

एक दिवस तिचा नवरा मोटारसायकलवर शोधत तिथेच आला. बायको वळण घेत होती. तो मोटारसायकल उभी करून बघत राहिला. आता भांडण होणार, या धास्तीने गाडी थांबताच मी खाली उतरले.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मले बी शिकवसान का?"

त्याला फक्त ट्रॅक्टर येत होता. गाडी घरी न्यायला मेहुण्याला बोलवायचं त्याने ठरवलं होतं आणि हे बायकोला सांगितलं नव्हतं. मग दोघं आळीपाळीने शिकू लागले. तो गिअर टाकताना खाली बघायचा, ती समोर बघायची. त्यामुळे ती लवकर शिकली. तिचं लायसनसुद्धा आमच्या आरसीच्या आधी आलं.

अखेर पोस्टमन पाकीट घेऊन आला. सह्या झाल्या. गाडी घरी तिने चालवत नेली. मी शेजारी, दोघे पुरुष मागे. अंगणात तिची सासू हळदकुंकू घेऊन उभीच होती. तिने बोनेटवर बोटं ओढली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभी राहिली.

"उतरा, बाई. मले देवळात जाऊ द्या."

मी उतरले. सासू चपला हातात घेऊन आत बसली. दोन्ही नातींना मागे जागा हवी होती, म्हणून पुरुषांनाही उतरावं लागलं. धूळ उडवत गाडी गेली आणि आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो.

"या, बसा," तो म्हणाला. "त्या येतपावतर चहा मांडतो."

चहा त्यानेच केला. बराच गोड होता.